दोन फाट्यांची नळी

निवृत्तीला कुठंही नळी दिसली की तो ती दोन बोटांत धरून दाबायचा. नळी कसली, कोणाची, हे बघायचं नाही. आमच्या घरी आला की चपला काढायच्या आधी गॅसची नळी दाबणार, मग कूलरची दाबणार. एकदा शेजाऱ्याच्या स्कूटरची पेट्रोलची नळी दाबत बसला होता, शेजारी आतून ओरडत बाहेर आला. नुसती दाबून गप्प बसला असता तरी मी काही म्हटलं नसतं. पण हा डोळे मिटायचा, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी मान हलवायचा आणि म्हणायचा, "प्रेशर नाय, दाजी." तुला विचारलं कोणी?

हा माझा मेहुणा. सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. दिंडोरी रस्त्याला त्याचं ठिबकचं दुकान आहे. शेतकऱ्यांना नळ्या, ड्रिपर, फिल्टर, व्हॉल्व्ह विकतो, आणि कोणी बोलावलं तर शेतात जाऊन जोडूनही देतो. धंदा बरा चालतो. अक्कल त्या मानाने चालत नाही. हे मी तो समोर असतानाही बोलायचो. सुमन म्हणायची, "अहो, पुरे." आता सुमन नाही. आता मला पुरे म्हणणारं घरात कोणी राहिलं नाही, तेव्हा सगळंच सांगतो.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "शेवटच्या झाडाला इचारायचं." त्याचा अर्थ असा, की ठिबक बसवलं म्हणजे टाकीजवळच्या झाडाला पाणी मिळतंच. ओळीच्या पार टोकाला जे झाड आहे, त्याच्या बुडाशी उकिडवं बसायचं आणि बघायचं, थेंब येतो का. आला तर काम बरोबर झालं. वाक्य काही वाईट नाही. पण हा माणूस ते कुठंही काढायचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला धरून म्हणायचा, "त्या टोकाला जिलबी पोचली का? शेवटच्या झाडाला इचार!" आणि मग स्वतःच खांदे हलवून हसायचा. बँकेच्या रांगेतसुद्धा म्हणायचा. मला एक माणूस दाखवा, जो पहिल्यांदा सोडून त्या वाक्याला दुसऱ्यांदा हसला असेल.

सुमन हसायची. दर वेळी हसायची. त्यांची आई लवकर गेली. सुमननेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, शाळेतून पळाला की शोधून आणलं. तो पळायचाही ठरलेल्या जागी, पाटाच्या कडेला. तिथं पाण्यात हात घालून बसलेला सापडायचा. पुढे आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे तिची सगळी माया एकाच ठिकाणी जायची आणि ते ठिकाण म्हणजे हा. मी त्याला बोललो की तिला लागायचं. तो माझ्याबद्दल काही बोललाच तर तिला तेही लागायचं. मधल्या मधे तीच दमायची.

सातपूरला आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. मी तिथल्याच एका कारखान्यात प्रेसवर आयुष्य काढलं, घर तेव्हाचं. गच्चीवर सुमनने तेलाच्या रिकाम्या डब्यांत मोगरा लावला होता. सकाळी तांब्याने पाणी घालायची. घटकाभराचं काम, आणि तेवढाच तिला वारा मिळायचा. निवृत्तीने एक दिवस ते बघितलं आणि म्हणाला, "ताई, मी ठिबकवाला असून तू तांब्यानं पाणी घालती? लोक मला काय म्हणतील?" लोकांना काय पडलंय? पण दुसऱ्या दिवशी हा नळ्यांचं भेंडोळं घेऊन हजर. डब्याडब्याला नळी, नळीला ड्रिपर, वर टायमरचा व्हॉल्व्ह. "आता निवांत ऱ्हा," म्हणाला, "मोगरा पाणी पिईल आन् तू चहा पी."

आम्ही नांदगावला एका लग्नाला गेलो. इकडे व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि टाकी सगळी रिकामी झाली. जिन्यावरून आमच्या घरात आणि तिथून खालच्या बाईंच्या छतातून पाणी उतरलं, थेट त्यांच्या गादीवर. मी फोन करून त्याला शिव्या घातल्या. तर हा काय म्हणावा?

"पार गादीपर्यंत गेलं का? मग प्रेशर चांगलंय की, दाजी."

सुमन त्या बाईंची गादी उन्हात टाकायला मदत करत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. ठिबक तसंच ठेवलं तिने. काढू दिलं नाही. फक्त पाणी तांब्यानेच घालायची. निवृत्ती आला की म्हणायची, "चालतं रे, छान चालतं." असल्या खोट्याने माणूस बिघडतो. मी सांगून थकलो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

ऑपरेशन मोठं होतं. पोटावर मधोमध उभा चिरा. भूल देणाऱ्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. बोलणं तुटक, हसणं नाही. मला त्या आवडल्या. ज्याला काम येतं तो फार हसत नाही. ऑपरेशननंतर सुमनला वॉर्डात आणलं तेव्हा तिच्या उशाशी कापडी पिशवीत एक गोळा होता. पारदर्शक कवच, आत मोसंबीएवढा रबरी फुगा, औषध भरून टंच केलेला. मशीन नाही, वायर नाही, आवाज नाही. फुगा आपोआप आकसत जातो आणि औषध नळीत ढकलतो. गोळ्यातून एक नळी निघते, वीतभर पुढे जाऊन तिचे दोन फाटे होतात. एक फाटा पोटाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. पुढे केसासारखी बारीक नळी कातडीखाली नसांजवळ नेऊन ठेवलेली. औषध बधिर करणारं.

मॅडम मला म्हणाल्या, "काका, नीट ऐका. पोट कापलेलं आहे. दुखतं म्हणून माणूस श्वास वरवर घेतो, खोकत नाही. मग कफ छातीत साठतो आणि न्यूमोनिया होतो. मावशींची छाती आधीच नाजूक आहे. त्यांनी खोकून कफ काढला पाहिजे, नाहीतर ऑपरेशन चांगलं होऊनही उपयोग नाही. त्यासाठी हे लावलंय. दोन्ही बाजू बधिर राहिल्या तर त्या खोकतील."

मला कळलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी कळलं. निवृत्ती माझ्या मागे उभा होता. त्याचे डोळे त्या नळीवरून हलत नव्हते.

"मॅडम, दोन्हीकडं सारखंच जाईल का?"

"सारखंच जाईल."

"पर व्हॉल्व्ह कुठंय?"

"व्हॉल्व्ह नाही."

"मग एखादी लाइन चोक झाली तर?"

"तर आम्हाला सांगायचं. हात लावायचा नाही."

"नाय नाय, हात कशाला लावतोय," म्हणाला. आणि मॅडमची पाठ वळली तशी नळी दोन बोटांत धरून दाबली. मी त्याच्या हातावर चापट मारली. सुमन अर्धवट गुंगीत होती, तरी तिचा ओठ हलला. हसली असणार.

पहिला दिवस चांगला गेला. उशी पोटाशी आवळून धरायची आणि खोकायचं, असं तिला शिकवलं होतं. ती खोकली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी तिला रुंद पोटपट्टा बांधला, उठून बसवण्यासाठी. त्यानंतर थोड्या वेळाने उजवी बाजू दुखायला लागली. डावीकडे काही नाही, उजवीकडे आग. मी सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, निरोप दिलाय, सुटल्या की येतील. मी खाली औषधं आणायला गेलो. सुमनजवळ निवृत्तीला बसवून गेलो, दुसरं होतंच कोण.

वर आलो तर हा खुर्चीत असा बसलेला, जसा काही निवडून आलाय.

"झालं काम, दाजी."

"कसलं काम?"

"काय नाय. थोड्या वेळानं ताईलाच इचारा." आणि सुमनकडे बघून डोळा मारला. बहिणीला, दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना!

सुमन म्हणाली, "निवृत्ती म्हणतोय, आता बरं वाटेल."

मी समजलो, धीर देत असेल. धीर द्यायला अक्कल लागत नाही, तेवढं त्याला येत असेल.

दुपार कलली. उजवीकडचं तर थांबलं नाहीच, डावीकडेही सुरू झालं. सुमनने पलंगाची कड घट्ट धरली. श्वास नुसता गळ्यापर्यंत, तिथून परत. आत कफ घरघरत होता, मला चार हातांवरून ऐकू येत होता. मी उशी तिच्या पोटाशी धरली.

"खोक गं. एकदा खोक."

"नाही हो जमत."

"थोडं तरी."

तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला नाही. आयुष्यात या बाईने माझ्यापुढे कधी जमत नाही म्हटलं नव्हतं. निवृत्ती पलंगाच्या त्या बाजूला उभा राहून आळीपाळीने नळीकडे आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं, पण बोलेल तर शपथ.

मॅडम आल्या. त्यांनी स्पिरिटचा बोळा आधी उजव्या अंगाला लावला, मग डाव्या. "गार लागतं का?" दोन्हीकडे गार लागलं. म्हणजे दोन्ही बाजू जाग्या. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "डावीकडे सकाळी लागत नव्हतं," म्हणाल्या. त्यांनी चादर वर केली आणि डावी नळी हाताने चाचपत नेली. चादरीखाली, पाठीच्या बाजूला, ती नळी दुमडलेली होती. मुडपून, वर मिठाईच्या पुडक्याचं रबर गुंडाळून, पक्की बांधलेली.

"हे कोणी केलं?"

 मग सुमन म्हणाली, "मीच केलं."

बाईला स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता येत नव्हती, आणि म्हणे मीच केलं. मॅडमनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्या निवृत्तीकडे बघत होत्या.

"मी केलं, मॅडम," निवृत्ती म्हणाला. "उजवी लाइन चोक होती. शेतात आमी असंच करतो. चांगली लाइन दुमडून बांधायची, मग सगळं प्रेशर चोक झालेल्या लाइनीत जातं. कचरा असंल तो भाईर पडतो. मी म्हटलं..."

"ही शेती आहे का?"

"नाय. पर पाणी ते पाणीच ना, मॅडम."

मला वाटलं, आता ही बाई याला थोबाडीत देणार. दिली असती तर मी टाळी वाजवली असती. पण त्यांनी दिली नाही. रबर सोडलं, दुमड बोटांनी चोळून सरळ केली आणि ती करता करताच बोलायला लागल्या. फाटा जिथं फुटतो त्याच्या पुढे, दोन्ही नळ्यांवर, तांदळाएवढा एकेक तुकडा होता. त्यावर नख टेकवलं.

"साधा फाटा असता तर तुमचं बरोबर होतं. सगळं औषध सोप्या वाटेने गेलं असतं, अवघड वाटेला काही मिळालं नसतं. तसं होऊ नये म्हणूनच हा तुकडा आहे. याच्या आत भोक इतकं बारीक आहे, की फुगा कितीही टंच असो, यातून ठरलेलंच औषध पुढे जातं. उजवीचा वेगळा, डावीचा वेगळा. शेजारची चालू आहे का बंद, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुम्ही डावी बांधली. डावीचं गेलं. उजवीला त्यातला एक थेंबसुद्धा जास्त मिळाला नाही."

मग त्यांनी पोटपट्टा सैल केला. उजवी नळी त्याच्या काठाखाली चेंगरलेली होती. एवढंच झालं होतं. जन्मभर लोकांच्या नळ्या दाबणारा माणूस, आणि पट्ट्याखाली दाबलेली नळी याला दिसली नाही.

कोणीही शहाणा माणूस यावर खाली मान घालतो. निवृत्तीने मान वर केली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजी प्रेशरवाला ड्रिपर! चढावर-उतारावर सारखं पाणी देतो तो! मी स्वतः इकतो की, मॅडम! प्रत्येकाचं तोंड सवतं! आदी सांगायचं ना!"

"मी हात लावू नका असं सांगितलं होतं."

"ते तर सगळेच सांगतात."

मॅडमनी सिस्टरना सांगितलं, या माणसाला बाहेर न्या. मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही कशाला, मी नेतो. दंड धरून व्हरांड्यात काढला.

"ती काय तुझी द्राक्षाची बाग आहे?" मी म्हटलं. "माझी बायको आहे ती!"

"माझी पण बहीण हाय, दाजी."

"मग बहिणीसारखं वाग तिच्याशी! वावर समजू नको! छातीत कफ भरला तर जाईल ती. तुझ्या त्या रबराने जाईल!"

 भिंतीवर अग्निशमनाची लाल नळी गुंडाळलेली होती. त्याने हात लांबवला आणि ती दाबली. मी दोन्ही हात जोडले आणि आत गेलो. अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

आत मॅडमनी दोन्ही नळ्यांतून पिचकारीने थोडं थोडं औषध ढकललं आणि तिथंच उभ्या राहिल्या. पुन्हा बोळा लावला. उजवीकडे गार लागेना, मग डावीकडे लागेना. "आता उशी धरा, मावशी." सुमनने उशी आवळली, श्वास घेतला, यावेळी पार खालपर्यंत, आणि खोकली. पुन्हा खोकली. ट्रेमध्ये जे पडलं ते बघून मला जेवढं बरं वाटलं, तेवढं पगाराचं पाकीट बघून कधी वाटलं नव्हतं.

मान टेकवल्यावर तिचा पहिला शब्द काय असावा? "त्याला आत बोलवा हो. जेवला नसेल तो."

पुढे काही दिवसांनी फुगा आकसून रिकामा झाला. मॅडमनी आतल्या बारीक नळ्या ओढून काढल्या. सिस्टर ते सगळं पिशवीत भरून फेकायला निघाल्या तर निवृत्ती मागे लागला. ती फाट्याची नळी मला द्या. सिस्टर म्हणाल्या, देता येत नाही, दवाखान्याचा कचरा ठरलेल्या पिशवीतच जातो. हा म्हणाला, बरं. आणि घरी आल्यावर याने खिशातून ती नळी काढली. फाट्याचा तुकडा, पुढचे ते दोन तांदळाचे दाणे, सगळं. चोरली होती. माणसं दवाखान्यातून फार तर चादर चोरतील. याने कचरा चोरला.

ती नळी त्याने दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगली. तिथून त्याची गोष्ट सुरू झाली. येईल त्या गिऱ्हाइकाला नळी काढून दाखवायची. "ही माणसाच्या पोटातली ठिबक. दाबून बघा." आणि मग दवाखान्याची कथा. ती मी दुकानात, घरी, एका बारशाला, अशी पुष्कळदा ऐकली. दर वेळी ती वाढलेली असायची. आधी गोष्टीतून रबर गळालं. मग पोटपट्ट्याखालची नळी त्यानेच शोधून काढली. मग मॅडमनी त्याला म्हटलं, "शेठ, तुम्ही डॉक्टर का नाय झाले?" कधी न हसणाऱ्या त्या बाईच्या तोंडी हे वाक्य! मी एकदा त्याला चारचौघांत अडवलं. म्हटलं, "बांधली कोणी होती ते सांग की." तर म्हणाला, "दाजी, तुमी त्यावेळी खाली गेले होते. तुमाला काय ठाऊक?"

घरी तो ती गोष्ट सुमनला सांगायचा. तिच्याच पोटाची गोष्ट, तिलाच. तो मॅडमची नक्कल करायचा, माझी नक्कल करायचा. हात जोडून व्हरांड्यातून आत जाणारा मी. सुमन हसायची आणि हसताना टाके ताणायचे, म्हणून घाईघाईने उशी ओढून पोटाशी धरायची. खोकायला दिलेली उशी तिने अशी हसायला झिजवली. मी तेव्हा उठून गच्चीवर जायचो. मला ते हसणं बघवत नव्हतं असं नाही. त्याच्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर हसायला मला लाज वाटायची.

गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी कापतो म्हटलं नाही. ती घरी राहिली आणि घरीच गेली. मोगरा फुलात होता.

त्या दिवशी निवृत्ती काय करत होता सांगतो. नातेवाईक जमले होते, बाया रडत होत्या. सुमनने ज्याला वाढवलं तो माणूस डोळ्याला टिपूस नसलेला, घरभर फिरत होता. पाण्याचा टँकर मागव, खुर्च्या मागव, याला फोन कर. मग दिसेना. मी वर जाऊन बघितलं तर गच्चीवर. मोगऱ्याच्या डब्यांजवळ उकिडवा बसून टोकाच्या डब्यातला ड्रिपर दाबत होता. बहीण खाली ठेवलेली, आणि हा शेवटच्या झाडाला थेंब येतो का बघतोय. मी तिथंच ठरवलं, याच्याशी संबंध संपला. दहाव्याला आला, तेराव्याला आला. मी मान वळवली.

घर रिकामं झालं. उरलं तिचं सामान. आवरता आवरता मला त्या नळीची आठवण झाली. माझ्या बायकोच्या अंगाला लागलेली नळी त्या नालायकाच्या दुकानात खिळ्याला टांगलेली, आणि आल्यागेल्या माणसाने ती दाबून बघायची? मी उठलो, चपला घातल्या, बस धरली. ठरवलं, नळी घ्यायची, चार शब्द सुनवायचे, आणि पुन्हा त्या रस्त्याला जायचं नाही.

दुकानात पोचलो तर आत एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. पेठ तालुक्याकडचा कोणी म्हातारा शेतकरी, डोक्याला टॉवेल. निवृत्तीची माझ्याकडे पाठ होती. हातात ती नळी. गोष्ट चालू होती. पट्ट्यापर्यंत आली होती, शोध लावून झाला होता, मॅडम त्याला डॉक्टर करायला निघाल्या होत्या. मी दारातच थांबलो. म्हटलं, संपू दे. संपली की धरतो.

म्हाताऱ्याने विचारलं, "मंग आता कशी हाय तुमची बहीन?"

निवृत्तीने नळी दोन बोटांत धरली.

"आता? आता एकदम झकास. बसती, उठती, खोकती. सकाळच्याला गच्चीवर जाती, मोगऱ्याला पाणी घालती. मी एवढी ठिबक बसवून दिलीय, पर नाय. तांब्यानंच घालणार. मला म्हणती, छान चालतं रे तुझं ठिबक. मला काय कळत नाय व्हय? ड्रिपर कोरडे ठणठणीत असतात. पर मी बोलत नाय."

मला माहीत नव्हतं त्याला हे माहीत आहे ते.

तो वळला आणि मी दिसलो. हातातली नळी तशीच राहिली. चेहरा, मी मघा सांगितलं, पलंगाच्या त्या बाजूला उभा असताना झाला होता, तसा झाला. पांढरा.  मॅडम म्हणाल्या होत्या ते खरं, उजवीचा वेगळा, डावीचा वेगळा; माझं दुःख एका नळीतून जात होतं, याचं दुसऱ्या.

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. "हे कोन?"

"आमचे दाजी," निवृत्ती म्हणाला. 

म्हाताऱ्याने सरकून मला जागा केली. भला माणूस असावा. म्हणाला, "बसा, बसा. लय मोठ्या दुखन्यातून काढलं म्हनं तुमी मंडळीला. बऱ्या हायेत ना आता?"

चार शब्द सुनवायला आलो होतो. ते तोंडाशी होते. निवृत्ती गल्ल्यामागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. नळी दाबत नव्हता, नुसती धरून होता.

"हो," मी म्हटलं. "बरी आहे."

आणि म्हातारा अजून माझ्याकडेच बघत होता म्हणून पुढे म्हटलं, "मी निघालो तेव्हा गच्चीवरच होती."

निवृत्तीने खाली बसून, पाठ करून, नळ्यांचं एक भेंडोळं उगाच सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. त्याला बराच वेळ लागला. मग उठून चहा सांगितला.

नळी मी मागितली नाही. तिथंच आहे ती, खिळ्याला. माणूस तसाच आहे. बाता मारणारा, चोरटा, सांगितलेलं न ऐकणारा. मी रविवारी जातो. कोणी गिऱ्हाईक आलं की हा नळी काढतो, आणि मी स्टूल जवळ ओढतो. साऱ्या नाशकात फिरलं तरी सुमनची इतकी चांगली बातमी दुसरीकडे कुठंच मिळत नाही.